रुसव्याच्या अटी

अवसरी खुर्द,
२८ मे १९९५

श्री. तबाजी व्याही यांस,

नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द मुद्दाम गाळला आहे, घाईत राहिला असं समजू नये.

लग्न झालं, तुमची वृषाली आमच्या घरी सुखरूप पोचली. पोरगी गुणाची आहे, तिच्याबद्दल एक अक्षर वाकडं बोलायचं नाही. बोलायचं आहे ते तुम्हा मढकरांच्या पाहुणचाराबद्दल. शेवटच्या पंगतीला वरबापाला नारळ देऊन, हाताला धरून जेवायला न्यायची रीत तुमच्याकडं आहे, की ती माळशेज घाटातून खाली ढकलून दिलीत? मी मांडवाच्या मागं जीपमध्ये बसलो होतो. बोलावणं आल्याखेरीज वरबाप उठत नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मांडवात गाणी झाली, हसणं-खिदळणं झालं, रश्श्याचा वास जीपपर्यंत आला. माणूस काही आला नाही.

शेवटी मीच ड्रायव्हरला हाका मारल्या, तर तोही जागेवर नाही. बऱ्याच वेळानं तोंड पुसत आला आणि मलाच म्हणतो, "मालक, लई झकास पावणचार हाय राव इकडं!" मग मी आळेफाट्याला मिसळ खाल्ली. पोटच्या पोराच्या लग्नात मिसळ खाणारा तालुक्यातला मी पहिलाच बाप.

तेव्हा आता नीट ऐका. तुमच्या घरचं पाणी मी पिणार नाही. प्यायचं झालंच तर वेशीपासून वाजंत्री हवी, सगळ्या गावासमोर भरजरी फेटा बांधलेला हवा, बोकड कापलेला हवा, आणि रांगोळी काढलेल्या पाटावर मांडी घालून जेवेन. तोवर रुसवा. वृषालीनं माहेरी खुशाल यावं-जावं. रुसवा माझा आहे, तिचा नाही.

भिमाजी

मढ,
१९ जून १९९५

भिमाजीराव व्याही यांस,

नमस्कार, आणि मी सप्रेम घालतोच. एस.टी.त कंडक्टर आहे, उतरलेल्या पॅसेंजरशीही गोड बोलायची सवय आहे.

तुमचं पत्र आलं आणि आमच्या घरी चौकशी बसली. निकाल असा. तुम्हाला बोलवायला माझा धाकटा भाऊ भागू नारळ घेऊन गेला होता. तो मुंबईला असतो, साखरपुड्याला नव्हता, लग्नालाही पंगती बसल्यावर पोचला, त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मी तेव्हा पाठवणीच्या गडबडीत होतो. मी सांगितलं, "जीपमधला फेटेवाला." भागू गेला तर पुढं स्टिअरिंगपाशी एक गृहस्थ ऐटीत फेटा बांधून आरशात बघत बसलेले, आणि मागच्या सीटवर बनियनवर एक माणूस घोरत पडलेला. भागूनं मागचा तो ड्रायव्हर समजला आणि पुढच्याला म्हणाला, "चला पावणं, पान वाढलंय." आता तुमचा फेटा त्याच्या डोक्यावर कसा गेला, हे त्यालाच विचारा.

तर तुमचा मान झाला, फक्त तुम्ही हजर नव्हता. बायकांनी त्याला उद्देशून गाणी म्हटली. आमची मंडळी, कोंडाबाई, व्याह्यासमोर पदर नाकापर्यंत ओढून वाढते, तिला फेटा दिसला, तोंड दिसलं नाही. त्यानं आग्रह करकरून मासवडी वाढून घेतली.

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण तुम्ही उपाशी गेलात हे गावाला कळलं, आणि गावानं आपल्या सोयीनं अर्थ लावला, की व्याह्यानं कोंडाबाईची मासवडी टाकली. तुम्हाला माहीत नसेल, मढच्या प्रत्येक लग्नात मासवडी तिच्या हातची असायची. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, आणि हात भाजत असताना गुंडाळायचं. दुसऱ्या कुणाची फुटते, तिची फुटत नाही. त्या दिवसापासून तिला एकाही लग्नाचं बोलावणं नाही. तुम्ही एकदा येऊन तिच्या हातचं जेवावं आणि ते गावानं बघावं, एवढंच तिला पाहिजे आहे. तुमचा फेटाबिटा मी बघतो.

बोकड घेतला आहे. भाताची आवणी, म्हणजे लावणी, झाली की या. मी तुमच्याकडं येतो म्हणालो असतो, पण लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी मलाही चालत नाही. तोवर आपण मंचरच्या स्टँडवर चहाला भेटू. तिथलं पाणी दोघांनाही चालतं.

तबाजी

अवसरी खुर्द,
१२ ऑगस्ट १९९८

तबाजीराव,

नमस्कार. नातीच्या बारशाला 'व्याही आले होते' असं गावभर सांगत असाल तर दुरुस्ती करून घ्या. मी तुमच्या घरी आलो नव्हतो, तुमच्या घरासमोरच्या सरकारी रस्त्यावर आलो होतो. पोरीला जीपपाशी आणून दाखवलीत ते बरं केलंत. आरोही हे नाव कुणी शोधलं? माझ्या आईचं ठकूबाई नाव काय वाईट होतं? असो. पोरगी माझ्याकडं बघून जांभई देऊन झोपली, म्हणजे वळण आमच्याच घरचं आहे.

तुमची मात्र सुटका झाली. नात झाली, लेकीच्या घरचं पाणी मोकळं झालं. परवा आलात आणि आमच्या मंडळींच्या, प्रयागबाईच्या, पुरणपोळ्यांवर तीन वर्षांची थकबाकी वसूल केलीत. मी समोर बसून बघत होतो. एका माणसानं व्याह्याकडं पोटभर जेवायचं आणि दुसऱ्यानं स्टँडवरच्या चहावर भागवायचं, हा न्याय तुम्हाला बरा सुचतो.

अटींत एक बदल आहे. वाजंत्री नको. मंचरच्या डॉक्टरनं रक्तदाब काढला आहे. एके काळी यात्रेत ढोलापुढं अंगातला सदरा फाटेपर्यंत नाचणारा मी. उन्हाळ्यात शेजारच्या हळदीत बँड लागला तर कानात कापूस घालून गोठ्यात जाऊन बसलो. बैल माझ्याकडं टकामका बघत होते. फेटा, बोकड आणि पाट मात्र कायम. यंदा बटाटा काढून झाला की बघू.

भिमाजी

मढ,
३ जानेवारी २००१

भिमाजीराव,

नमस्कार. बटाटा काढून तीन हंगाम झाले. दोन बातम्या आहेत.

पहिली, मी रिटायर झालो. अजून पहिल्या गाडीच्या वेळेला जाग येते, आणि कुठं जायचं नाही हे आठवल्यावर माणूस दिवसभर रिकाम्या एस.टी.सारखा घरात खडखडतो. सवयी पार बदलल्या. पूर्वी कुणाच्या लग्नाला गेलो की ओळखीचे चेहरे शोधायचो. आता आधी पाठ टेकायला खांब कुठं आहे ते बघतो, मग लघवीची सोय कुठं आहे ते, आणि मग वेळ उरला तर नवरा-नवरी.

दुसरी बातमी दुःखाची. तुमचा बोकड वारला. तुमच्या मानासाठी राखलेला म्हणून कुणी त्याला हात लावला नाही, आणि तो बापडा वयानं गेला. शेवटी दात पडले होते. आमच्याकडं बोलताना व्याह्याला 'इवाई' म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. कोंडाबाई त्या बोकडाला 'इवाई' अशीच हाक मारायची. तोही पाला पुढं केला की मान फिरवायचा, आणि आपण वळलो की खायचा.

हो, आणि आता जरा जपून लिहीत जा. कोंडाबाई साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकली, तुमची पत्रं आता आधी तीच फोडते. तुमची प्रत्येक अट बोट ठेवून वाचते आणि म्हणते, "एवढंच लिवलंय का? पुढं काय न्हाई?" दर पाडव्याला मासवडी करते, हात बसलेला राहावा म्हणून. खातो आम्हीच. गावातून अजून बोलावणं नाही. तेव्हा बोकडाशिवाय येता का बोला.

तबाजी

अवसरी खुर्द,
९ नोव्हेंबर २००३

तबाजीराव,

नमस्कार. आता घरोघर फोन झाले, तरी मी पत्रच लिहितो. फोनवर रुसता येत नाही, समोरचा लगेच 'हॅलो हॅलो' करून सगळी मजा घालवतो.

बोकडाचं ऐकून वाईट वाटलं. दुसरा घेऊ नका. मांसाहार मी स्वखुशीनं सोडला आहे. डॉक्टरनं सांगितलं त्याच दिवशी माझी खुशी झाली, एवढाच त्यांचा संबंध. साखर निघाली आहे. आमची प्रयागबाई आता साखरेच्या डब्याला कुलूप लावते. ज्या घरात मी वयात आलेल्या पोरांना धाकात ठेवलं, त्या घरात मी आता नातीच्या हातचं अर्धं बिस्कीट दाराआड खातो. आरोही इमानी आहे, सांगत नाही, फक्त त्या बदल्यात मला घोडा व्हावं लागतं. आणि घोडा झालो की उठता येत नाही.

त्यावरून पाटाचा विषय निघाला. पाट नको, खुर्ची ठेवा. मांडी घालून बसलो तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि गावासमोर मान घेऊन वर काखेत हात घालून उठवून घेणं बरं दिसत नाही.

एक नवी अट मात्र घालावी लागते, विषय नाजूक आहे. तुमच्याकडं संडास जुना, खाली बसायचा आहे असं वृषालीकडून कळलं. उंच बैठकीचा, खुर्चीसारखा मिळतो, तो बसवा. पूर्वी मी कुणाकडं निघालो की फेटा कोणता बांधावा याचा विचार करायचो. आता त्यांच्याकडचा संडास कोणता, हे आधी विचारतो. हसू नका, तुमचीही वेळ येईल.

फेट्याची अट कायम आहे.

भिमाजी

मढ,
२२ एप्रिल २००४

भिमाजीराव,

नमस्कार. तुमचं सिंहासन बसवलं. ओतूरहून पिकअपमध्ये आणलं तेव्हा रस्त्यानं लोक नमस्कार करत होते, त्यांना वाटलं देव आहे. सगळं गाव बघून गेलं. शेजारच्या साळुबाईनं विचारलं, "भावजी, ह्याच्यावर चढायचं कुठून?" मी अजून हात लावलेला नाही, उद्घाटन तुमच्या हस्ते आहे. म्हणजे हस्ते म्हणू नये, पण समजून घ्या.

आता सबब उरली नाही, या.

फक्त लवकर या, कारण आमच्याकडं एक नवंच सुरू झालंय. कोंडाबाईचं घरात लक्ष राहिलं नाही. सून आली तेव्हा वाटलं दोघी मिळून करतील, तर हिनं सगळी चूल सुनेवर टाकली आणि स्वतः टीव्हीपुढं. मालिका चुकत नाही. भर उन्हाळ्यात हात पदराखाली घेऊन महाराणीसारखी बसते. चहाचा कप उचलायला सांगितला तर तो फोडते, म्हणजे पुन्हा कुणी सांगू नये. या पाडव्याला मासवडी केली नाही. मी चिडून म्हटलं, "तुला आता कशाचीच पडली नाही." तर शांतपणे म्हणाली, "न्हाई पडली."

वय झालं की माणूस आळशी होतं, दुसरं काय. तुम्ही आलात तर उठेल कदाचित.

तबाजी

अवसरी खुर्द,
१७ जानेवारी २००६

तबाजीराव,

येत्या रविवारी येतो. आमच्या पोरानं, भरतनं, गाडी घेतली आहे, तो आणतोय.

फेटा नको. बांधला की मान अवघडते, आणि थंडीत मी कानटोपी काढत नाही. कानटोपीवर फेटा बांधलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, गावालाही दाखवायचा नाही. आता एकही अट उरली नाही. माझं मलाच चुकल्यासारखं होतंय.

प्रयागबाई म्हणते, सकाळी काही खाऊन निघा. मी म्हटलं, अकरा वर्षांचं जेवण आहे, पोट रिकामं ठेवूनच जाणार.

भिमाजी

अवसरी खुर्द,
६ फेब्रुवारी २००६

तबाजीराव,

नमस्कार. दवाखान्यातून घरी आलो. तब्येत बरी आहे. डॉक्टर म्हणाला, साखरेवरची गोळी घेऊन उपाशी प्रवास करायचा शहाणपणा तुम्हाला कुणी शिकवला? मी तुमचं नाव सांगितलं.

आता मूळ मुद्दा. गाडीतून उतरलो, अंगणात चार पावलं टाकली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली, इथपर्यंत मला आठवतं. पुढं वृषालीनं सांगितलं, की तुम्ही "पाणी आणा, पाणी आणा" करत स्वतःभोवतीच फिरत होता, आणि विहीणबाईंनी घरातून साखरेची मूठ आणून माझ्या तोंडात कोंबली, वर पाणी पाजलं. शुद्धीवर आलो तर तुमचा भागू सगळ्यांना सांगतोय, "प्याले, इवाई पाणी प्याले! रुसवा सुटला!" त्या माणसाला अजूनही कळत नाही की आपण कुणाला काय खाऊ घालतोय.

रुसवा सुटलेला नाही. ते औषध होतं, जेवण नव्हे. शिवाय विहीणबाईंचा हात फारच सैल निघाला. निम्मी साखर माझ्या नव्या सदऱ्यावर. दवाखान्यात नर्स विचारते, "आजोबा, मुंग्या कुठून आल्या?" मीठ-साखर जपून वापरावी एवढं वळण मढला नाही असं दिसतं.

तेव्हा होळी झाली की पुन्हा येतो, खाऊन-पिऊन येतो. आणि यावेळी एकच अट. विहीणबाईंना सांगा, मासवडी करा. खरं सांगायचं तर आमचा तो जुना ड्रायव्हर कामावर होता तोवर दर लग्नसराईत त्या मासवडीची चव मला ऐकवायचा, आणि मी वरवर दुर्लक्ष करून सगळं ऐकायचो. आता खायची आहे. दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरं काही मनात येत नव्हतं.

भिमाजी

मढ,
२० फेब्रुवारी २००६

इवाईंना कोंडाबाईचा दंडवत.

तुमचं पत्र ह्यांच्या आधी मी फोडलं. उत्तर बी मीच लिवते. वर्गात बाईंनी पाटीवर लिवाया लावलं व्हतं, त्याच्यानंतर हेच. अक्षर वाकडंतिकडं हाय, ते शिकले न्हाई म्हणून न्हाई.

साखर सांडली ती माझा हात सैल हाय म्हणून न्हाई सांडली. माझे हात हलत्यात. तीन वर्सं व्हत आली. ह्यांना वाटतं मी टीव्हीपायी काम टाळते. वाटू द्या. आळशी म्हणून घ्यायला बरं वाटतं, लुळी म्हणून न्हाई. सुनंला ठावं हाय, ती बोलत न्हाई. तुमी बी ह्यांना सांगू नका. उजवा हात डाव्यानं धरून लिवते, एका पत्राला तीन दिस लागले.

तुमी लई अटी लिवल्या. बाजा लिवला, फेटा लिवला, बोकड लिवला, खुर्ची लिवली, अन् ते पांढरं सिंहासन. मी समद्या वाचल्या. दर पत्रात मी मासवडी हुडकायची. कुठं तरी लिवलं असंल, की विहीणबाईच्या हातची मासवडी खाईन. कंदीच नव्हतं. तुमाला मान पायजे व्हता तवा माझ्याकडं हात व्हते. आता तुमाला मासवडी पायजे, तर मी बेसन थापाया घेतलं की समदं फडक्यासकट भुईवर येतं. तुमचं पत्र आल्यावर मी चोरून करून बघितली. न्हाई झाली.

लई राग आला तुमचा. मग रडले. मग मालिका लागली, ती बघितली.

गावाचं म्हणाल तर गावाला आता काय बी आठवत न्हाई. परवा देवळात अंबाबाई भेटली. त्या टायमाला सगळ्यात जास्ती तीच बोलली व्हती. मी म्हनलं, "आमच्या वृषीच्या लग्नात इवाई उपाशी गेलं व्हतं, आठवतं का?" तर म्हनती, "कुणाचं लगीन?" मी येवढी वर्सं ज्या बायांसाठी झुरले, त्या कवाच्या इसरून गेल्या. धरून बसले फकस्त मी अन् तुमी.

तुमी अंगणात पडला तवा मला वाटलं व्हतं की आता ह्यो माणूस माझ्या दारात मरतो, उपाशीच. तवा मला मासवडी न्हाई आठवली, गाव बी न्हाई आठवलं. डबा कुठं हाय तेवढंच आठवलं. त्याला तुमी औषध म्हणा.

तर होळी झाल्यावर या. तुमी लई अटी घातल्या, मी कंदी घातली न्हाई, म्हणून ह्या दोन घालते. मासवडी मागायची न्हाई. वरणभात व्हईल, सून वाढंल. मी वाढणार न्हाई. मी पदर बी ओढणार न्हाई, तुमच्या शेजारी खुर्ची टाकून जेवाया बसंन, चमच्यानं.

अन् तुमी माझ्या ताटाकडं बघायचं न्हाई.

कोंडाबाई